पाच जणांनी ठरवलेली ट्रॉली

वामनरावांची जीप कधी वेळेवर सुटली नाही. मेहकर-डोणगाव रस्त्यावर त्यांनी तेवीस वर्षं काळी-पिवळी चालवली. बाकीचे ड्रायव्हर गाडी भरली की किल्ली फिरवत. वामनराव मागे वळून विचारत, "निघू का?" मागे चौदा माणसं कोंबलेली. एक म्हणे निघा, दुसरा म्हणे थांबा, माझा साडू चहा पिऊन राह्यला, तिसऱ्याला नेमकी तेव्हाच तंबाखूची पुडी आठवे. वामनराव सगळ्यांचं ऐकून घेत आणि सगळ्यांना पटेल असं काही निघेपर्यंत स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसत. लोक वैतागत, पण बसत त्यांच्याच जीपमध्ये. आपलं मत कोणीतरी विचारतंय, हे सुख त्यांना घरी मिळत नसावं.

मी दयाराम. डोणगावात माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवण्यात माझी एकवीस वर्षं गेली. वामनराव माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, गाव इथून चार किलोमीटरवर. या माणसावर मी जितका चिडलो, तितका सख्ख्या भावावरही कधी चिडलो नाही, आणि भाऊ माझा काही साधा नाही.

स्वतःच्या मनाने वामनरावांनी आयुष्यात काय ठरवलं? पैजेवर सांगतो, काहीच नाही. मुलाच्या बारशाला आत्या पाळण्यात वाकून उभी राहिली, बायकांनी कान पुढे केले, आणि हे अजून गल्लीत नावावर मतं घेत होते. शेवटी आत्याची कंबर भरून आली आणि तिनेच 'गोकुळ' म्हणून टाकलं. विहिरीची जागा तीन जणांनी तीन ठिकाणी दाखवली. वामनरावांनी कोणाचं मन मोडलं नाही. त्यांच्या शेतात आजही तीन अर्धवट खड्डे आहेत. त्यांच्या बायको तानुबाई सांगतात की लग्नात मंगलाष्टकं संपली तरी हे हार हातात धरून भटजीकडेच पाहत होते, घालू का म्हणून. आता तानुबाई थोडं वाढवून सांगतात, पण त्यांना तसा हक्क आहे.

पुढे जीपचा परवाना संपला आणि ती घरच्या कामापुरती राहिली. बैल त्याआधीच गेले होते. गोकुळ चाकणला कंपनीत लागला. घरात छोटा ट्रॅक्टर आला तो सुनेमुळे. सुचिता तिचं नाव. तालुक्याला बायकांसाठी ट्रॅक्टर शिकवायचं शिबिर झालं होतं, तिथे ही शिकून आली. हा ट्रॅक्टर म्हणजे गुऱ्हाळातल्या रेड्याएवढा, अरुंद. पण सोयाबीनच्या दोन ओळींच्या मधून त्याला डवरा, म्हणजे कोळपं, लावून ती अशी जाते की तण निघतं, माती हलते आणि झाड एक मोडत नाही. मी स्वतः बांधावर उभा राहून पाहिलं आहे. पहिल्या ओळीला मी मनात म्हटलं, आता मोडते. दहाव्या ओळीला म्हणायचं सोडून दिलं.

तिचं माहेर उंद्रीजवळ, इथून साठ-सत्तर किलोमीटर. तिकडच्या अकरा शेतकऱ्यांनी यंदा तिला डवरणी सांगितली होती, आणि तिने शब्द दिला होता. माहेरात दिलेला शब्द. लग्न होऊन गेलेली पोरगी ट्रॅक्टर घेऊन येणार, हे तिकडे दोन महिने आधीपासून बोललं जात होतं. अडचण एकच. डवरणीला वाफसा लागतो, म्हणजे पाऊस उघडल्यावर जमीन ना चिखल, ना कोरडी. तो टिकतो दोन-तीन दिवस. एवढासा ट्रॅक्टर रस्त्याने चालवत उंद्री गाठायची म्हणजे एक दिवस तिथेच संपला, आणि डवरा नि बाकी अवजारांसाठी दुसरी खेप. म्हणून तिला अशी ट्रॉली हवी होती, जिच्यावर ट्रॅक्टरच चढवायचा, अवजारं शेजारी ठेवायची आणि जीपने ओढत न्यायची. ट्रॅक्टर ट्रॉली ओढतो हे आम्ही जन्मापासून पाहत आलो. ट्रॉली ट्रॅक्टरला वाहून नेईल, हे ऐकून गाव आठ दिवस हसत होतं.

मे महिन्यात एका सकाळी माझ्या दारात ती जीप थांबली आणि तिच्यातून पाच माणसं उतरली. मला वाटलं मुलगी पाहायला निघालेले लोक पत्ता चुकले. तसंच होतं सगळं. पुढे वामनराव, त्यांच्यामागे शंकरराव, म्हणजे निवृत्त ग्रामसेवक, खिशाला दोन पेन. त्यांच्यामागे हरिओम, ज्याच्याशिवाय त्या गावात मांडव पडत नाही की मिरवणूक निघत नाही. बाकी दोघे चहासाठी आले होते आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या गावात ट्रॉली एकाच्या नावावर असते, पण असते सगळ्यांची. कोणाचं वऱ्हाड न्यायचं, कोणाची तूर बाजारात न्यायची, कोणाच्या घराची वाळू आणायची, ट्रॉली मागायची आणि न्यायची. नाही म्हणायची पद्धत नाही. त्यामुळे ट्रॉली कशी असावी हे ठरवायलाही सगळे येतात. त्यांच्या दृष्टीने ते स्वतःचीच ट्रॉली घ्यायला आले होते.

"लांबी किती, वामनराव?" मी विचारलं.

वामनरावांनी शंकररावांकडे पाहिलं.

"लांबी अशी पाहिजे की समाजाच्या कामी आली पाहिजे," शंकरराव म्हणाले. "दहा फूट."

"बारा कर बे," हरिओम म्हणाला. "मिरवणुकीत साउंड ठेवाचा म्हणलं तं दहात काय होते? अन् तळ उंच ठेव, खाली असला तं लोकायले दिसत नाही."

"वाळूले चारी बाजूनं फाळके पाहिजेत, तीन फुटाचे," चहावाल्यांपैकी एकाने बशीतून तोंड काढून सांगितलं.

मी म्हणालो, "अहो, पण न्यायचा ट्रॅक्टर आहे ना? तो चढणार कसा?"

"त्याचं पाहू ना नंतर," शंकरराव म्हणाले. "ट्रॅक्टर काय रोज न्यायचा हाये का?"

तेवढ्यात चाकणहून गोकुळचा फोन आला. त्याने वडिलांच्या मोबाईलवर परदेशातल्या ट्रॉल्यांचे व्हिडिओ पाठवले होते. बटण दाबलं की तळ आपोआप खाली टेकतो, गोरा माणूस टोपी घालून शिट्टी वाजवत ट्रॅक्टर चढवतो. सगळ्यांनी डोकी एकत्र करून ते पाहिलं आणि गोऱ्या माणसाच्या बुटांची तारीफ केली.

उठता उठता वामनरावांना आठवलं. त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला. "हे सुचितानं लिहून देल्लं होतं," म्हणाले, आणि कागद माझ्याकडे देताना जरा ओशाळले. वहीचं पान होतं. लांबी अकरा फूट, रुंदी पाच. तळ जमिनीपासून दीड फूट, त्याहून वर नको. मागे चढायला दोन लोखंडी फळ्या, पाच-पाच फुटांच्या. ट्रॅक्टर उभा केल्यावर वजन थोडं पुढे, हुकाच्या बाजूला पडलं पाहिजे, नाहीतर मागचं वजन जीपला हलवतं. खाली ट्रॅक्टरचं चित्रही काढलं होतं, चाकांमधली अंतरं लिहून.

मी तो कागद वाचला. नीट वाचला. एकवीस वर्षांत गिऱ्हाईकाने मला इतकं बरोबर काही लिहून दिलं नव्हतं. आणि मी तो घडी करून खिळ्यांच्या डब्यात टाकला, कारण समोर पाच पुरुष उभे होते आणि त्यांचं ठरलं होतं. गिऱ्हाईक म्हणेल तसं करून द्यायचं, असं मी स्वतःला सांगितलं. गिऱ्हाईक कोण, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही.

ट्रॉली जूनच्या मध्याला तयार होती. पण मागच्या फाळक्यावर काय लिहायचं ते ठरेना. बारा फूट लोखंड एका तासात ठरलं, दोन ओळी रंगवायला तीन आठवडे लागले. शंकररावांना 'श्रमाला प्रतिष्ठा' पाहिजे होतं. हरिओमला वाघाचं तोंड पाहिजे होतं. कोणी म्हणालं आईवडिलांचं नाव टाका, तर वामनरावांनी कोणाच्या आईवडिलांचं ते विचारलं. पेंटर तीनदा येऊन परत गेला. शेवटी 'सर्वांच्या आशीर्वादाने' लिहिलं आणि कोपऱ्यात वाघाचा एक पंजा काढला. तोवर पेरण्या होऊन सोयाबीन बोटभर वर आलं होतं.

त्यांच्या गावातल्या एका मोठ्या ट्रॅक्टरने ट्रॉली ओढत नेली. मीही गेलो, नारळ फोडायला. तानुबाईंनी ट्रॉलीला ओवाळलं, कुंकू लावलं. हरिओम वर चढून तळ वाजवून पाहत होता. सुचिता घरातून हात पुसत बाहेर आली आणि ट्रॉलीच्या मागे जाऊन उभी राहिली. तळ तिच्या छातीला लागत होता.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "याच्यात ट्रॅक्टर चढन कसा?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "दयारामभाऊ, म्या कागद देल्ला होता."

"मिळाला होता," मी म्हणालो.

"पाच लोकायनं ठरवलं ना बाई," वामनराव म्हणाले.

"त्या पाचातला एक तरी ट्रॅक्टर चालवते का, मामाजी?"

आवाज चढवून बोलली नाही ती. चढवला असता तर बरं झालं असतं, कोणीतरी सुनेच्या बोलण्यावर बोट ठेवून विषय बदलला असता.

पण गाव असं हार मानत नाही. चार दिवसांनी पाऊस उघडला, वाफसा येणार असं दिसलं, आणि उंद्रीहून तिच्या भावाचे फोन सुरू झाले. तेव्हा शंकररावांनी तोड काढली. घराशेजारी मातीचा उतार करायचा, ट्रॉली त्याला चिकटवून लावायची, ट्रॅक्टर सरळ चालत वर. वामनरावांनी विचारलं, करू का? सगळे म्हणाले करा. अख्खा दिवस गाव राबलं. टोपल्यांनी माती आली, दगड आले, हरिओमने पाणी मारून ती धुमसाने ठोकून घट्ट केली. संध्याकाळी सुचिताने ट्रॅक्टर वर चढवला. टाळ्या पडल्या. वामनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या देखत. म्हणाले, "पाह्य दयाराम, सगळ्यायचा हात लागला की कसं होते!"

मग सुचिताने वरूनच विचारलं, "तिकडं उतरवू कसा?"

उंद्रीला उतार नव्हता. कोणीतरी म्हणालं, तिकडच्या लोकांनाही सांगू उतार करायला. ते ठरेपर्यंत जीप ट्रॉलीला जोडून पाहिली. बारा फुटांची ट्रॉली, तीन-तीन फुटांचे फाळके, वर ट्रॅक्टर. जीपने धूर काढला, क्लच जळल्याचा वास आला, आणि ट्रॉली हातभरही पुढे सरकली नाही. मागून दहा जण ढकलत होते. फाळक्यावरच्या पंज्यावर हात ठेवून हरिओम ओरडत होता, जोर लावा रे.

वाफसा तीन दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी सुचिताने भावाला फोन करून सांगितलं की येणं होत नाही. मी त्या दिवशी जीपचा हूक पाहायला गेलो होतो. ती ओसरीत उभी राहून बोलत होती. "नाही रे दादा. नाही जमून राह्यलं. तू सांग त्यायले, माहीच चूक झाली म्हणा." फोन ठेवला आणि तशीच भिंतीला टेकून उभी राहिली. रडली नाही. मला मात्र वाटलं, जमीन फाटून मी आत जावं. चूक तिची नव्हती. एक चूक माझ्या खिळ्यांच्या डब्यात पडली होती आणि दुसरी दारात लाल रंग लावून उभी होती.

अकरापैकी सात जणांनी मजूर लावून निंदण करून घेतलं, कोणी तणनाशक मारलं. चौघे म्हणाले, दुसऱ्या डवरणीला ये, पण तेव्हाही आली नाही तर पुढच्या वर्षी येते म्हणून नको सांगू. दुसऱ्या डवरणीला हातात दोन आठवडे होते.

त्या फोननंतर तिसऱ्या दिवशी मोठ्या ट्रॅक्टरमागे ती ट्रॉली माझ्या वर्कशॉपवर आली. सुचिता पुढे, वामनराव मागे. या वेळी दोघंच.

"कापा," सुचिता म्हणाली. "फाळके काढा, एक फूट लांबी कमी करा, रुंदी पाचवर आणा. तळ खाली घ्या, दीड फुटावर. फळ्या करा."

मी म्हणालो, "करतो. पण ट्रॉली वामनरावांच्या नावावर आहे. त्यांनी सांगायला पाहिजे."

मी हे का म्हणालो, मलाच अजून कळलं नाही. कदाचित माझा नियम. कदाचित मला पाहायचंच होतं.

वामनरावांनी खिशात हात घालून मोबाईल काढला. शंकररावांचं नाव काढलं. बोट वर धरलं. सुचिताने त्यांना अडवलं नाही, ती बाजूच्या लोखंडी चॅनेलवर बसली आणि ट्रॉलीकडे पाहत राहिली. वामनराव माझ्याकडे वळले. "दयाराम, तू सांग ना बाप्पा. कापू का नको?"

"मी नाही सांगत," मी म्हणालो.

"काऊन?"

"मागच्या वेळी सांगायला पाहिजे होतं तेव्हा नाही सांगितलं. आता हक्क गेला माझा."

ते स्टुलावर बसले. कटरचा आवाज बंद होता, रस्त्यावरून एक एसटी गेली. मग दुसरी गेली. त्यांनी मोबाईल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, खरंच सांगतो, साठीतला माणूस परीक्षेला बसल्यासारखा बसला होता. कापली की गावाची ट्रॉली गेली, हे त्यांना माहीत होतं. उद्या कोणी वऱ्हाडाला मागेल, परवा वाळूला. गावात नाही म्हणणारा पहिला माणूस म्हणून त्यांचं नाव होईल. हे मलाही दिसत होतं.

"काप," ते म्हणाले, पण इतकं हळू की मला ऐकू गेलं नाही.

"काय म्हणाला?"

"काप म्हणलं ना बे!"

तेवीस वर्षं जीपमध्ये आणि त्याआधी-नंतर कधीच या माणसाचा आवाज मी असा ऐकला नव्हता. शेजारच्या पंक्चरवाल्यानेही मान वर केली. मी लगेच गॅस पेटवला, त्यांचा विचार बदलायच्या आत.

पुढचे दिवस मात्र माझे हाल झाले. गावाला बातमी लागली. हरिओम येऊन कापलेला फाळका हातात घेऊन बसला, अर्धा आशीर्वाद जमिनीवर पडला होता. शंकरराव म्हणाले, वामनराव असा माणूस नव्हता, सुनेने घर ताब्यात घेतलं. पारावर वामनरावांना जागा देईनात. आणि वामनराव? ते रोज सकाळी माझ्याकडे येऊन विचारत, "बरोबर केलं ना म्या?" मी हो म्हटलं की समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन तेच विचारत. मग पंक्चरवाल्याला. माणसाने जन्मात एकदा स्वतः ठरवलं, आणि ठरवून झाल्यावर ते बरोबर की चूक, यावर अख्ख्या डोणगावचं मत घेतलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला पाऊस उघडला. ट्रॉलीचा हूक नवा होता म्हणून मीही जीपमध्ये बसून उंद्रीकडे गेलो. ट्रॉली मागे इतकी शांत येत होती की वामनराव दोनदा थांबवून खात्री करून आले, आहे ना म्हणून. सकाळी नऊला शेतात पोचलो. चौघे शेतकरी आणि सुचिताचा भाऊ बांधावर उभे होते, शिवाय पाहायला आलेली पंधरा-वीस माणसं. सुचिताने साखळ्या सोडल्या, वामनरावांनी फळ्या टेकवल्या, आणि ट्रॅक्टर पाच मिनिटांत खाली. डवरा जोडला, पदर कमरेला खोचला आणि ती सोयाबीनमध्ये शिरली. मागे माती काळी, भुसभुशीत होत गेली. तिचा भाऊ नुसता पाहत होता.

बांधावरचा एक म्हातारा ट्रॉलीभोवती फिरून आला, तळाची उंची हाताने मोजली, फळ्या उचलून पाहिल्या. "लय डोक्यानं केली हाये," तो वामनरावांना म्हणाला. "कोणं ठरवली हो?"

वामनरावांनी आजूबाजूला पाहिलं. विचारायला ओळखीचं कोणी नव्हतं. मग त्यांनी छाती पुढे काढली.

"म्या," ते म्हणाले. "मीच ठरवली. कोणालेच नाही इचारलं."

मला त्यांचा असा राग आला की विचारू नका. कारण तोच प्रश्न म्हाताऱ्याने मला विचारला असता तर 'डिझाईन माझं' असं सांगायला मी तोंड उघडूनच बसलो होतो. मग मला माझी लाज वाटली आणि मी गप्प बसलो, पण म्हाताऱ्याला खरं काय ते मीही सांगितलं नाही. तो वामनरावांचं नाव आणि फोन नंबर मोबाईलमध्ये टाकून घेत होता. सुचिता तेव्हा शेताच्या दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टर वळवत होती.